अल्फा कप्पा अल्फाची 'बूले': ठराव कुणाचा आणि मुक्काम कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलै २०२४मध्ये कमला हॅरिस डॅलसला एका 'सोरोरिटी'च्या अधिवेशनात बोलल्या. समोर गुलाबी-हिरव्या कपड्यांत वीस हजारांच्या वर कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. कॉलेजातल्या मुलींच्या क्लबचा एवढा प्रचंड मेळावा कसा काय? तो सुरू कधी झाला, आणि पुढारी तिथे आवर्जून का जातात?

मी अमेरिकेत अधिवेशनांच्या नियोजनाचं काम करते. हॉल, खोल्या, बसगाड्या, बिल्ले, मतदानाची व्यवस्था, हे माझं रोजचं. त्यामुळे माझं उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकासारखं नसेल. कुठल्याही अधिवेशनाबद्दल मी आधी दोन गोष्टी विचारते: ठराव करायचा अधिकार कुणाचा, आणि रात्री माणसं झोपणार कुठे? अल्फा कप्पा अल्फा (हॅरिस बोलल्या ती सोरोरिटी हीच; पुढे नुसतं एकेए म्हणते) या संस्थेचा शंभरावर वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांनी बराचसा उलगडतो.

आधी एक गैरसमज. सोरोरिटीत प्रवेश कॉलेजात मिळत असला तरी कृष्णवर्णीय सोरोरिट्यांमध्ये पदवी हातात पडली की नातं संपत नाही. पदवीधरांच्या स्वतंत्र शाखा असतात आणि अधिवेशनाला गर्दी मुख्यतः त्यांचीच. शिक्षिका, परिचारिका, वकील, न्यायाधीश, मुख्याध्यापिका, निवृत्त आज्या. पंचवीस वर्षं झाली की 'सिल्व्हर', पन्नास झाली की 'गोल्डन', पंचाहत्तर झाली की 'डायमंड'. एकमेकींना हाक 'सोरॉर' अशी. वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने नव्वदीतल्या बाईंना 'सोरॉर अमुक' म्हणताना पहिल्यांदा ऐकलं की आपल्याला जरा चमकायला होतं, कारण आपण त्या वयाला आजी म्हणून मोकळे होतो.

अशा कृष्णवर्णीय विद्यार्थी-पदवीधर संस्था एकूण नऊ, म्हणून बोलीत 'डिव्हाइन नाइन'. त्यांतल्या चार स्त्रियांच्या. एकेए (१९०८), डेल्टा सिग्मा थीटा (१९१३) आणि झीटा फाय बीटा (१९२०) या तिन्ही वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात जन्मल्या. सिग्मा गामा रो १९२२मध्ये इंडियानापोलिसला सात शिक्षिकांनी काढली. एकेएच्या राष्ट्रीय अधिवेशनाला 'बूले' म्हणतात, प्राचीन ग्रीक नगरसभेवरून. झीटा आणि सिग्मा गामा रो यांच्याही अधिवेशनांना तेच नाव आहे; डेल्टा मात्र साधं 'नॅशनल कन्व्हेन्शन' म्हणते. यूट्यूबवर 'बूले' शोधलंत तर 'गुप्त मंडळ जग चालवतं' छापाचे व्हिडिओ निघतील. त्यांचा रोख १९०४मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झालेल्या सिग्मा पाय फाय या पुरुषांच्या संस्थेवर असतो. तिलाही बूले म्हणतात. तिचा इथे संबंध नाही, आणि त्या व्हिडिओंवर वेळ घालवू नका.

आता मूळ भांडण. होय, या अधिवेशनाच्या मुळाशी एक भांडण आहे, आणि ते समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

१५ जानेवारी १९०८ रोजी हॉवर्डमध्ये एथेल हेजमन या सेंट लुइसच्या विद्यार्थिनीने मैत्रिणींना जमवून संस्था काढली. पहिली चार-पाच वर्षं संस्था म्हणजे एकाच विद्यापीठातली एकच शाखा होती. सभा भरायची ती तिथल्या विद्यार्थिनींची. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुली कुठे कॅन्ससला शिकवायला, कुठे टेक्ससला. त्यांना सभेची खबरही नसायची, मत तर दूरच.

१९१२मध्ये शाखेत २२ विद्यार्थिनी होत्या. त्यांनी ठरवलं की नाव बदलायचं, रंग बदलायचे, चिन्हं बदलायची, आणि संस्थेला बाहेरच्या जगाकडे, राजकारणाकडे वळवायचं. बहुमत होतं, ठराव झाला. नियमाप्रमाणे बोलायचं तर यात चूक काय? पण नुकतीच पदवी घेतलेल्या नेली क्वांडर यांना हे कळलं आणि त्यांनी तो ठराव मानायला साफ नकार दिला. त्यांचा मुद्दा असा की जी संस्था आम्ही सगळ्यांनी उभी केली, ती एका वर्षाच्या पटावर असलेल्या बावीस जणींना परस्पर बदलता येणार नाही. त्यांनी इतर पदवीधरांना गाठलं, विद्यार्थिनींना विचार करायला मुदत दिली. विद्यार्थिनी बधल्या नाहीत. १३ जानेवारी १९१३ रोजी त्या बावीस जणींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली. सोळा दिवसांनी, २९ जानेवारीला, क्वांडर आणि सहकाऱ्यांनी एकेएची कायदेशीर नोंदणी करून घेतली.

ही हकीकत दोन्हीकडे वेगवेगळी सांगतात. एकेएच्या सांगण्यात क्वांडर यांनी संस्था वाचवली. डेल्टाच्या सांगण्यात बावीस जणींना चहापानापुरती संस्था नको होती, आणि ३ मार्च १९१३ला वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात चालून त्यांनी ते लगेच दाखवूनही दिलं. मला दोन्ही खरं वाटतं. पण माझ्या धंद्याच्या नजरेतून महत्त्वाचं हे की भांडण 'नाव काय ठेवायचं' एवढ्यावर नव्हतं. निर्णय कुठल्या सभेत व्हायचा, यावर होतं. नोंदणीमुळे एकेएला नव्या शाखा उघडायचा अधिकार मिळाला आणि त्यातून आणखी एक गरज उभी राहिली: सगळ्या शाखांच्या, विद्यार्थिनींच्या नि पदवीधरांच्या, प्रतिनिधी एका छपराखाली बसून मतदान करतील अशी सभा. बूले हे त्या भांडणाचं उत्तर आहे.

शाखा लगेच वाढल्या: १९१३मध्ये शिकागो, १९१४मध्ये इलिनॉय, १९१५मध्ये कॅन्सस. या गोऱ्यांच्या विद्यापीठांतलं जगणं हॉवर्डहून फार वेगळं होतं. इलिनॉय आणि कॅन्ससला कृष्णवर्णीय मुलींना वसतिगृहात जागाच नव्हती. तिथे सोरोरिटी म्हणजे रहायला खोली कुठे मिळेल हे सांगणारी, आणि पुढे स्वतःचं घर चालवणारी व्यवस्था. हॉवर्डमधल्या मुलीला जे मैत्रीमंडळ होतं, ते इलिनॉयमधल्या मुलीला डोक्यावरचं छप्पर होतं. अशा दोन टोकांच्या मुलींनी एकत्र बसून नियम करायचे, हे सोपं काम नव्हतं.

पहिली बूले १९१८मध्ये हॉवर्डलाच भरली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाच्या साथीने वॉशिंग्टनमधल्या जाहीर सभा काही आठवडे बंद होत्या आणि नोव्हेंबरात महायुद्ध संपलं; अशा वर्षात त्यांनी ती भरवली. क्वांडर पहिल्या राष्ट्रीय अध्यक्ष, म्हणजे 'सुप्रीम बॅसिलियस'. दुसरी बूले १९१९मध्ये शिकागोला. तिथून अध्यक्षपद शिकागोच्या लोरेन रिचर्डसन ग्रीन यांच्याकडे गेलं, म्हणजे संस्था हॉवर्डच्या आवारातून बाहेर पडली ती इथे. त्याच डिसेंबरात डेल्टाचंही पहिलं राष्ट्रीय अधिवेशन हॉवर्डमध्ये झालं. त्यात अध्यक्ष निवडल्या गेल्या सेडी टॅनर मॉसेल, ज्या दोन वर्षांनी अर्थशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

सुरुवातीच्या बूलेंमधले ठराव आज वाचताना किरकोळ वाटतात: मानचिन्ह, प्रतिज्ञा, स्थापना दिन, 'आयव्ही लीफ' हे मुखपत्र (१९२१), विभागांची रचना. पण ज्यांनी कुठलंही मंडळ चालवलंय त्यांना ठाऊक आहे, पहिली पाच वर्षं याच कामात जातात आणि ती नीट गेली तर पुढची पन्नास टिकतात.

या सभा नाताळच्या सुट्टीत भरायच्या. कारण अगदी साधं. सदस्यांपैकी बहुतेक जणी शाळेत शिकवायच्या, कारण शिकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीला त्या काळात पोटापाण्याचा दुसरा बरा रस्ता क्वचितच मिळे. शाळा बंद त्या आठवड्यात, विद्यापीठाची सभागृहंही तेव्हाच मोकळी. पुढे तारखा उन्हाळ्यात सरकल्या. आज बूले जुलैत असते, आणि त्याला धंद्याचं आणखी एक कारण जोडलं गेलंय: डॅलस, ऑर्लँडो, ह्यूस्टन, अटलांटा इथे जुलैत उकाडा असा असतो की इतर अधिवेशनं तिकडे फिरकायला नाखूष असतात. हॉटेलांना गिऱ्हाईक हवं असतं, भाव उतरतात. वीस हजार माणसांच्या मुक्कामाचा सौदा करायला यासारखा महिना नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते, मुक्काम. सगळ्यात कमी लिहिलं गेलंय ते यावर, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही यावरच.

आज मी एखादं मोठं अधिवेशन हातात घेते तेव्हा पहिला कागद असतो तो खोल्यांचा. कुठल्या हॉटेलात किती, कुठल्या तारखेपर्यंत धरून ठेवलेल्या, भरल्या नाहीत तर दंड किती. १९२०च्या दशकात एकेएच्या यजमान शाखेला हा कागदच नव्हता. कारण शहरातल्या मोठ्या हॉटेलात कृष्णवर्णीय पाहुण्याला खोली मिळत नसे, दक्षिणेत कायद्याने आणि उत्तरेत रिवाजाने. खुद्द देशाच्या राजधानीत, जिथे संस्था जन्मली तिथे, मध्यवर्ती भागातली हॉटेलं आणि उपाहारगृहं बंद होती. वॉशिंग्टनमध्ये १९१९ला व्हाइटलॉ हॉटेल उघडलं, कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी बांधलेलं. आणि फिलिस व्हीटली वायडब्ल्यूसीए होतं, म्हणजे एकट्या स्त्रियांसाठी खोल्या. पण अशी ठिकाणं शहरागणिक एखाद-दोनच.

मग प्रतिनिधी रहायच्या लोकांच्या घरी. यजमान शाखेची निवास समिती महिना-महिना आधी आपल्या ओळखीतली घरं गोळा करायची: डॉक्टरांचं घर, पाद्री साहेबांचं घर, शाळेच्या मुख्याध्यापिकेचं घर. कुणाकडे रिकामी खोली, कुणाकडे सोफा, कुणाकडे एका पलंगावर दोघी. शेजारच्या चर्चचं तळघर जेवणाला, कृष्णवर्णीय वस्तीतली शाळा किंवा वायडब्ल्यूसीए सभेला. कार्यकारी सभेसाठी लागणारा मोठा हॉल मिळाला तरी जिना चढून वर जाताना पुढच्या दाराने जाऊ देतील का, हेही विचारून ठेवावं लागायचं. अधिवेशनाला निघालेली दक्षिणेतली शिक्षिका आगगाडीत 'कलर्ड' डब्यात बसायची, डब्यात जेवण नसायचं म्हणून घरून शिदोरी घ्यायची. १९३६पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' निघायला लागलं, त्यात कुठल्या गावात कुठलं घर आणि कुठलं पेट्रोलपंप चालेल याच्या याद्या असत. माझ्या आजच्या कामाचा निम्मा भाग त्या पुस्तकात आहे, फक्त त्यात चूक झाली तर किंमत वेगळी होती.

या अडचणीचा एक परिणाम मात्र असा झाला की त्याचा कुणी आधी विचार केला नसेल. चार दिवस एखाद्या घरी राहिलेली पाहुणी त्या घराची होऊन जाते. ओहायोतली शिक्षिका आणि अलाबामातली शिक्षिका एकमेकींच्या स्वयंपाकघरात भेटल्या, पत्ते घेतले, पुढे पत्रं लिहिली. संस्थेचं खरं जाळं त्या घरांमध्ये विणलं गेलं असं मला वाटतं. आपल्याकडे लग्नघरात पाहुणे शेजाऱ्यांच्या घरी वाटून द्यायचे ना, तसंच. हॉटेलच्या बाराव्या मजल्यावर हे होत नाही, हे मी रोज पाहते.

वॉशिंग्टनचा प्रश्न सुटायला १९५३ उजाडावं लागलं. मेरी चर्च टेरेल या नव्वदीला टेकलेल्या बाईंनी थॉम्पसन उपाहारगृहाविरुद्धचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि राजधानीतली उपाहारगृहं सर्वांना खुली झाली. याच टेरेलबाई डेल्टाच्या मानद सदस्य, डेल्टाची शपथ त्यांनीच लिहिलेली. देशभरात हॉटेलांची दारं कायद्याने उघडली ती १९६४च्या नागरी हक्क कायद्याने. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या 'हार्ट ऑफ अटलांटा' मोटेलने लगेच त्याला आव्हान दिलं आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात ते हरलं. ते मोटेल कधीच पाडलं गेलं. त्या जागेवर आज हिल्टन उभं आहे, शहरातल्या मोठ्या अधिवेशनी हॉटेलांपैकी एक. २०१६ची बूले अटलांटात झाली.

पुन्हा मागे जाते, कारण ठरावांचं सांगायचं राहिलं. बूलेने केलेल्या कामांत माझ्या मते सर्वांत मोठं १९३०च्या दशकातलं. अध्यक्ष होत्या आयडा जॅक्सन, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शिक्षिका. मिसिसिपीतल्या ग्रामीण शिक्षकांना उन्हाळी वर्गात शिकवावं म्हणून त्या लेक्सिंग्टन गावी गेल्या. तिथे गेल्यावर दिसलं की मुलं उपाशी आणि आजारी आहेत. अक्षरओळखीच्या आधी देवी आणि घटसर्पाची लस हवी. त्यांनी संस्थेला तिकडे वळवलं आणि डॉ. डोरोथी फेरबी यांच्या हाताखाली १९३५च्या उन्हाळ्यापासून 'मिसिसिपी हेल्थ प्रोजेक्ट' सुरू झाला. देशभरातल्या सदस्या, म्हणजे शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर, स्वतःची सुट्टी आणि स्वतःच्या मोटारी घेऊन गेल्या.

योजना होती गावात दवाखाना मांडायची. पण कापसाच्या मळ्यांचे मालक कुळांना मळ्याबाहेर जाऊ देईनात; उत्तरेकडून आलेल्या या शिकलेल्या बायका मजुरांना चिथावतील अशी त्यांना धास्ती. तेव्हा फेरबींनी दवाखानाच मोटारीत घातला आणि मळ्यामळ्यावर नेला. कापसाच्या गोदामाजवळ, झाडाखाली, चर्चच्या ओसरीवर टेबल मांडायचं. मुलांची रांग. लस टोचायची, दात बघायचे, आयांना आहाराबद्दल सांगायचं. आणि हे सगळं चालू असताना मालकाची घोड्यावरची माणसं कमरेला पिस्तूल लावून जवळ उभी, प्रश्न काय विचारतायत ते ऐकत. दर उन्हाळ्याचा अहवाल पुन्हा बूलेपुढे यायचा, तिथे पुढच्या वर्षाचा पैसा ठरायचा. १९४२पर्यंत हे चाललं. मग युद्धामुळे पेट्रोल आणि टायर यांचं रेशनिंग आलं आणि मोटारी थांबल्या.

या प्रकल्पातून फेरबींना एक गोष्ट कळली होती, आणि ती संस्थेतल्या अनेकींना पटली: लस टोचून प्रश्न सुटत नाही, कायदा बदलावा लागतो. १९३८मध्ये संस्थापकांपैकी नॉर्मा बॉइड, ज्या वॉशिंग्टनच्या शाळेत गणित शिकवत, त्यांनी संसदेत पाठपुरावा करणारी एकेएची पक्षनिरपेक्ष समिती उभी केली. डेल्टाने १९३७मध्ये ग्रंथालय प्रकल्प घेतला आणि पुढे जॉर्जियाच्या खेड्यांत फिरतं वाचनालय नेलं. १९४८मध्ये अनेक संस्थांनी मिळून मानवी हक्कांसाठी संयुक्त परिषद काढली. १९१२ला बावीस जणींना जे हवं होतं ते अखेर दोन्ही घरांत झालं, हे जाता जाता सांगते.

युद्धकाळात सरकारने अधिवेशनांवर बंधनं आणली. फेब्रुवारी १९४५पासून बाहेरगावचे ५०हून जास्त लोक जमायचे असतील तर परवानगी लागे. या दोन्ही संस्थांत त्या काळातल्या अध्यक्षांची कारकीर्द नेहमीपेक्षा लांबलेली दिसते, एकेएत १९४१ ते १९४६ आणि डेल्टात १९३९ ते १९४४. युद्धानंतर, १९४९मध्ये, एकेएने शिकागोत पगारी कर्मचाऱ्यांसह राष्ट्रीय कार्यालय थाटलं. कार्यालय आलं की सभा दरवर्षी भरवायची निकड कमी होते. आकडेच पाहा: २००८ची बूले ६३वी आणि २०२४ची ७१वी, म्हणजे सोळा वर्षांत आठ, दर दोन वर्षांनी एक. पण १९१८ ते २००८ या नव्वद वर्षांत ६३, म्हणजे सुरुवातीच्या दशकांत ती जवळपास दरवर्षी भरत असली पाहिजे.

भारताशी एक धागा इथे सापडतो, तो डेल्टाकडून. १९४७ ते १९५६ डेल्टाच्या अध्यक्ष असलेल्या डोरोथी हाइट १९५२मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयात शिकवायला आल्या होत्या. पुढे मार्टिन ल्यूथर किंग जिथे बोलले त्या १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या व्यासपीठावर बसलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक.

सगळं कौतुकच होतं असं नाही. १९५०च्या दशकात हॉवर्डचेच समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या दिखाव्यावर सडकून टीका केली आणि त्यात नाताळातल्या या अधिवेशनांवरचा खर्चही आला. गाउन, मोती, मेजवान्या. टीका पूर्ण खोटी नव्हती. पण ज्यांना वर्षभर मागच्या दाराने आत जावं लागतं त्यांनी चार दिवस पुढच्या दाराने, नटूनथटून आत जावं, यात मला निव्वळ दिखावा दिसत नाही. शिवाय याच संस्थेने १९६५मध्ये सरकारी कंत्राट घेऊन क्लीव्हलँडला तरुणींसाठी जॉब कोअरचं प्रशिक्षण केंद्र चालवायला घेतलं, आणि ते गाउन घालून चालवता येत नाही.

आजची बूले आतून कशी असते? अमेरिकेतल्या मराठी वाचकांना बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन माहीत आहे. तेही दर दोन वर्षांनी अशाच कन्व्हेन्शन सेंटरांत भरतं. आपण तिथे नाटक, गाणी, जेवण आणि जुने मित्र यांसाठी जातो. बूलेतही खरेदीच्या दुकानांची जत्रा असते, गुलाबी-हिरव्या पर्सपासून छत्रीपर्यंत. पण वेळापत्रकाचा कणा म्हणजे बंद दाराआडच्या कामकाजाच्या सभा. दारावर बिल्ला तपासला जातो, मतदार प्रतिनिधीचा बिल्ला वेगळा. सभाशास्त्राच्या नियमांनुसार कामकाज, व्यासपीठावर नियम सांगायला तज्ज्ञ, हॉलमध्ये ठिकठिकाणी माइक, प्रत्येक माइकमागे रांग. घटनादुरुस्ती, अंदाजपत्रक, निवडणूक. अध्यक्षपद चार वर्षांचं, म्हणजे मधे एक बूले. राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांत विद्यार्थिनींनाही राखीव जागा आहे. १९१२चा धडा दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवलेला. एका सत्रात सगळ्या पांढऱ्या कपड्यांत येतात. गेल्या दोन वर्षांत वारलेल्यांसाठी स्मरणविधी असतो, त्याला 'आयव्ही बियाँड द वॉल' म्हणतात. बाहेरच्यांना खुली असते ती फक्त जाहीर सभा, आणि महापौर, खासदार, उमेदवार तिथे रांग लावतात.

२००८ची शताब्दी बूले वॉशिंग्टनला झाली. तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये सोळा हजारांहून जास्त जणींना एकाच वेळी टेबलावर बसवून वाढलेलं जेवण गिनेस बुकात गेलं. ज्या शहरात त्यांच्या आज्यांना उपाहारगृहात बसू देत नव्हते तिथे. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही बातमी वाचून पहिला प्रश्न पडतो तो गरम ताटं किती वेळात पोचली असतील हा; पण दुसरा विचार तोच येतो.

आणि लगेच पुढच्या वर्षी पुन्हा जुनंच भांडण. २००९मध्ये काही सदस्यांनी संस्थेच्या नेतृत्वाला वॉशिंग्टनच्या न्यायालयात खेचलं. आक्षेप पैशांबद्दल होते, त्यांत अध्यक्षांना दिलेला मोबदलाही. संस्थेने ते फेटाळले. खालच्या न्यायालयाने खटला काढून टाकला, पण २०११मध्ये अपील न्यायालयाने त्याचा काही भाग पुन्हा उभा केला. मला त्यात रस आहे तो एका मुद्द्यापुरता: बूले भरलेली नसताना संचालक मंडळाने किती ठरवायचं, आणि बूलेची मंजुरी कशाला लागते? क्वांडर यांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलं होतं ते हेच.

आता २०२४. हॅरिस १९८६मध्ये हॉवर्डलाच एकेएत आल्या, म्हणजे मूळ शाखेत. १० जुलैला डॅलसला त्या उपराष्ट्राध्यक्ष आणि सोरॉर अशा दोन्ही नात्यांनी उभ्या होत्या. २१ जुलैला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी निवडणुकीतून माघार घेतली आणि हॅरिस उमेदवारीसाठी पुढे आल्या. तीन दिवसांनी हॅरिस इंडियानापोलिसला झीटाच्या बूलेत होत्या, ३१ जुलैला ह्यूस्टनला सिग्मा गामा रोच्या. बातम्यांनी याला चपळाई म्हटलं. तारखा मात्र कुणाच्या प्रचारासाठी ठरल्या नव्हत्या. अशा सभांचे हॉल कित्येक वर्षं आधी धरावे लागतात. निवडणुकीच्या वर्षी जुलैत एवढ्या संघटित, मतदार-नोंदणीत मुरलेल्या, प्रत्येक गावात शाखा असलेल्या स्त्रिया एका जागी आधीच जमलेल्या असतात. पुढाऱ्याला फक्त यायचं असतं. संस्था स्वतःला पक्षनिरपेक्ष म्हणवते आणि अधिवेशनात उमेदवाराला अधिकृत पाठिंब्याचा ठराव होत नाही. त्याच ऑगस्टमध्ये मात्र एकेएने निवडणूक निधीसाठी वेगळी समिती नोंदवली.

तुम्हाला हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सम वर्षाच्या जुलैत बूले कुठल्या शहरात आहे ते बघा आणि जाहीर सभेला जा. गुलाबी-हिरवं एकत्र घालून मात्र जाऊ नका. ते रंग कमवावे लागतात, आणि दारातली आजीबाई तुम्हाला कोणत्या शाखेची म्हणून विचारल्याशिवाय आत सोडणार नाही. जुनी कागदपत्रं चाळायची असतील तर हॉवर्डमधल्या मूरलंड-स्पिंगार्न संशोधन केंद्रात एकेएचा संग्रह आहे. आधी पत्र लिहून वेळ घ्यावी लागते.